हॉल, स्वैपाकघर, गच्ची: सगळीकडे एकच गाणं वाजवायचं तर

आपल्या इंदूरात जेल रोडवरच्या कुठल्याही दुकानात जाऊन "हॉलमध्ये लावलेलं गाणं स्वैपाकघरात आणि गच्चीवर पण वाजलं पाहिजे, असे स्पीकर दाखवा" म्हटलं की समोरचा माणूस दोन ब्लूटूथ स्पीकर काउंटरवर ठेवतो, दोन्हीची बटणं दाबतो, आवाज दोन्हीतून येतो आणि तो म्हणतो, "ले जाओ भिया, दोनों जुड़ गए." जुडले खरे. पण ते ठेवलेत दीड फुटावर, आणि तुमच्या घरी मधे भिंत आहे, तिच्यापलीकडे आणखी एक भिंत आहे, आणि ज्या फोनमधून गाणं चाललंय तो खिशात घालून तुम्ही खाली भाजी घ्यायला उतरणार आहात.

सगळे विचारतात ते एवढंच, की कुठला स्पीकर भारी? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आवाज फुटका असेल तर तो दुकानातच कळतो, पण बाकीच्या भानगडी घरी गेल्यावर कळतात, आणि त्या सगळ्या एका गोष्टीतून निघतात, की गाणं स्पीकरपर्यंत आणतंय कोण.

ब्लूटूथमध्ये ते फोन आणतो. इंटरनेटवरून गाणं घेतो, उलगडतो, परत आवळतो आणि हवेतून स्पीकरला देतो, आणि हे चालू असेपर्यंत फोन जवळ पाहिजे, साधारण दहा मीटरच्या आत, ते पण मोकळ्या जागेत, भिंत आली की त्याहून कमी. मधेच कोणाचा फोन आला की गाणं थांबतं, व्हॉट्सअ‍ॅपची टिंग स्पीकरवर वाजते, आणि तुमचा फोन हातात घेऊन पुतण्याने रील उघडली की ती पण सगळ्या घराला ऐकू येते. परत आवळतो म्हटलं त्यात थोडा आवाजाचा पण तोटा होतो, प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरमध्ये असते ती एसबीसी नावाची साधी पद्धत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट पाठवते, सोनीची एलडॅक ९९० पर्यंत जाते, आणि सीडीवरचा कच्चा आवाज असतो १४११ किलोबिटचा. पण खरं सांगू का, कुकरची शिट्टी आणि चिमणीचा घोंघाट चालू असताना हा फरक कोणालाच ऐकू येत नाही, तेव्हा ब्लूटूथला नाही म्हणायचं ते क्वालिटीमुळे नाही, फोनच्या गळ्यात बांधलेल्या दोरीमुळे.

वाय-फायवाल्या स्पीकरमध्ये फोन निव्वळ रिमोट असतो. तुम्ही गाण्यावर बोट ठेवलं की फोन स्पीकरला पत्ता सांगतो, गाणं अमुक ठिकाणी आहे, जाऊन घे, आणि मग स्पीकर स्वतःच राउटरमधून ते ओढून घेतो. गूगल कास्ट असं चालतं, स्पॉटिफाय कनेक्ट पण असंच. फोन बंद करा, घेऊन सराफ्यात जा, घरी आईचं गाणं चालूच राहणार. अ‍ॅपलच्या एअरप्लेमध्ये मात्र बहुतेक वेळा आवाज फोनच पाठवतो, फक्त तो वाय-फायवरून पाठवतो, म्हणजे घरात कुठेही फिरलात तरी चालतं पण फोन घराबाहेर गेला की गाणं पण गेलं. हे लक्षात ठेवा, कारण बॉक्सवर दोन्ही चिन्हं शेजारी-शेजारी छापलेली असतात आणि दोन्ही एकच आहेत असं वाटतं.

आता ब्लूटूथवाले म्हणतील की आमच्यात पण पार्टी मोड असतो, शंभर स्पीकर जोडता येतात. असतो ना. पण जेबीएलचंच बघा, आधी त्यांचं कनेक्ट प्लस होतं, मग पार्टीबूस्ट आलं, आता नव्या मॉडेलमध्ये ऑराकास्ट आलंय, आणि कनेक्ट प्लसवाला पार्टीबूस्टवाल्याशी बोलत नाही, पार्टीबूस्टवाला ऑराकास्टवाल्याशी बोलत नाही, म्हणजे एकाच कंपनीचे तीन पिढ्यांतले तीन स्पीकर घरात असले तरी एकत्र वाजणार नाहीत. ऑराकास्ट ही गोष्ट स्वतः चांगली आहे, ती कोणा एका कंपनीची नाही, ब्लूटूथच्या एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीतली आहे, एक जण प्रसारण करतो आणि रेंजमधले कितीही जण ते पकडतात. गच्चीवर पाहुणे बसलेत आणि चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवायचेत, ह्यासाठी झकास. पण दोन मजल्यांच्या घराला रेंज तीच जुनी, आणि फोन तिथेच बसलेला पाहिजे. टीडब्ल्यूएस असं जे बॉक्सवर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तर इतकाच की एकाच मॉडेलचे दोन स्पीकर डावा-उजवा म्हणून जोडता येतात. दुकानदार त्यालाच मल्टी-रूम म्हणतो, म्हणू दे.

ठेका कोण धरतं

पैसे खरे जातात ते इथे, आणि ह्याबद्दल कोणी बोलतच नाही.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. गणपतीच्या आरतीला मांडव लांबलचक असेल तर मागच्या रांगेतल्या टाळ्या पुढच्यांच्या मागे पडतात, मागचे बेताले नसतात, त्यांच्यापर्यंत पेटी-तबल्याचा आवाजच उशिरा पोचतो, आणि परत त्यांच्या टाळ्या पुढे पोचायला तेवढाच उशीर. तीस-पस्तीस मीटरला शंभर मिलिसेकंद गेले. दोन खोल्यांत दोन स्पीकर लावले की तुमच्या घरात हाच मांडव तयार होतो, फक्त इथे उशीर हवेमुळे कमी आणि मशीनमुळे जास्त.

आपल्या कानाची एक सोय आहे, एकच आवाज दोनदा आला आणि मधलं अंतर तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत असलं तर गाण्या-बोलण्यात कान दोन्ही मिळवून एकच ऐकतो. त्याच्या पुढे गेलं की घुमल्यासारखं वाटतं, आणखी पुढे गेलं की सरळ दोन गाणी. टकटक, टिचकी असा तुटक आवाज असेल तर कान त्याहून खूप आधी पकडतो. आणि दोन स्पीकर एकाच खोलीत डावा-उजवा म्हणून लावले असतील तर तिथे एका मिलिसेकंदाचा फरकसुद्धा चालत नाही, गाणारी बाई मधोमध उभी असायला पाहिजे ती आधी वाजणाऱ्या स्पीकरकडे सरकून जाते.

मग हा सिंक, म्हणजे स्पीकरांचा एकमेकांशी ताळमेळ, बिघडतो कशाने? प्रत्येक स्पीकरच्या पोटात एक क्वार्ट्झचा स्फटिक असतो, त्याच्या कंपनांवरून तो वेळ मोजतो आणि सेकंदाला ४४,१०० या गतीने आवाजाचे तुकडे बाहेर काढतो. पण दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात, दहा लाखांत पन्नासचा फरक ही अगदी साधी गोष्ट. ऐकायला काहीच नाही वाटत ना? गणित करा, एका तासाला ३६०० सेकंद, त्याचे दहा लाखांत पन्नास म्हणजे ०.१८ सेकंद, म्हणजे १८० मिलिसेकंद. म्हणजे दोन स्पीकर बरोब्बर एकाच क्षणी सुरू केले आणि नंतर त्यांच्याकडे कोणी बघितलंच नाही तर तासाभरात स्वैपाकघरातला ठेका हॉलच्या ठेक्यापासून चांगलाच सुटलेला असेल. म्हणून नुसतं एकाच वेळी सुरू करून भागत नाही, सतत लगाम धरावा लागतो.

हा लगाम असा धरतात. ग्रुपमधले सगळे स्पीकर आपापली घड्याळं वाय-फायवरून एकमेकांशी पुन्हा पुन्हा ताडून बघतात, आणि गाण्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर चिठ्ठी जाते, की हा तुकडा अमुक वेळेला वाजवायचा. स्पीकर तो तुकडा मिळाल्या मिळाल्या वाजवत नाही, थोडा साठा करून ठेवतो आणि चिठ्ठीतली वेळ आली की सोडतो, आणि आपलं घड्याळ पुढे पळतंय असं दिसलं तर कानाला कळणार नाही इतकं हळूच मागे ओढतो. सोनॉस कंपनीच्या वाय-फाय स्पीकरांत ग्रुपचा एक पुढारी असतो, तो गाणं आणतो आणि बाकीच्यांना वाटतो. एअरप्ले २ मध्ये घड्याळं जुळवायला पीटीपी वापरतात, जी पद्धत मुळात कारखान्यांत आणि टेलिकॉममध्ये मशीनं एका वेळेवर ठेवायला वापरतात. हे सगळं चांगलं लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे आणि महागड्या वाय-फाय स्पीकरच्या किमतीत त्याचा मोठा वाटा असतो, लोकांना वाटतं की पैसे आतल्या कागदाच्या शंकूचे आणि लोहचुंबकाचे.

आणि तो जो साठा करून ठेवतात ना, त्यामुळे एक गैरसोय होते ती आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भांडण नको. साठा म्हणजे उशीर. गाण्याला फरक पडत नाही, बटण दाबल्यावर सेकंदभराने सुरू झालं तर काय बिघडलं, पण टीव्हीचा आवाज ह्या ग्रुपवर टाकलात तर बॅट्समनने चेंडू मारल्यानंतर टक असा आवाज येतो, आणि सिरियलमधल्या सासूचे ओठ आधी हलतात. टीव्हीसाठी त्याच कंपनीचा साउंडबार असेल तर तो स्वतःचा आवाज लगेच काढतो आणि बाकीच्या खोल्यांना थोडा मागून देतो, ते चालतं. नाहीतर टीव्हीचं वेगळं ठेवा.

दुकानात सिंक तपासायचा तर तानपुऱ्यावर किंवा लांब सुरावर तपासू नका, सलग आवाजात चूक लपून जाते. तबला लावा. इंदूरचेच उस्ताद अमीर खाँसाहेब, त्यांचा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झुमरा तालातला ख्याल लावा, तबल्याचा एकेक बोल इतका सुटा येतो की दोन स्पीकरांत थोडासा जरी फरक असेल तर 'धिं' जाड होतो, थोडा जास्त असेल तर 'धिं-धिं' दोनदा येतो. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर उभं राहून ऐका आणि पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, दुकानदार कंटाळला तरी, कारण आत्ता सांगितलं तसं गडबड सुरुवातीला नसते, हळूहळू होते.

बिचारा स्पीकर, दोष राउटरचा

वाय-फाय स्पीकर अडखळतात तेव्हा लोक इंटरनेटचा प्लॅन वाढवतात. काही उपयोग नाही. सीडीच्या दर्जाचं गाणं न आवळता पाठवलं तरी सेकंदाला दीड मेगाबिटच्या आत बसतं, सहा खोल्यांत सहा वेगवेगळी गाणी लावली तरी दहा मेगाबिट पुरतात, आणि आजकाल साध्यात साधं फायबर कनेक्शन त्याच्या कितीतरी वर असतं. अडचण रस्त्यावर नाही, घरातल्या जिन्यावर आहे.

फायबरवाला येतो तेव्हा त्याला सोपं पडेल तिथे डबा ठोकतो, म्हणजे दाराशी, मीटरजवळ, नाहीतर टीव्हीच्या मागे. रामबागेतली, नारायणबागेतली जुनी घरं असतील तर भिंती हातभर जाड, नव्या बिल्डिंगमध्ये काँक्रीट आणि त्यात सळया, आणि दोन्हीकडे शेवटच्या खोलीत वाय-फायचा एक दांडा. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ वाला भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जातो पण त्यावर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी, एकमेकांवर न चढणारे चॅनल तिथे तीनच, १, ६ आणि ११, वर मायक्रोवेव्ह पण त्याच पट्टीत गळतो, म्हणून स्वैपाकघरातला स्पीकर नेमका दूध गरम करायला ठेवलं की अडखळतो. ५ वाला मोकळा असतो पण भिंतीला लवकर हार मानतो. आणि बरेच स्वस्त स्पीकर फक्त २.४ वर चालतात, बॉक्सच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा.

मग माणूस वाय-फाय पुढे पोचवणारा एक्सटेंडर आणतो आणि इथे खरी गंमत होते. काही एक्सटेंडर किंवा जुना राउटर दुसरा म्हणून लावला की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो, नाव तेच दिसलं तरी आतून घर दोन भागात वाटलं जातं, आणि फोन एका भागात आणि स्पीकर दुसऱ्या भागात असला की अ‍ॅपमध्ये "स्पीकर सापडत नाही". अ‍ॅप स्पीकर शोधतं कसं, तर नेटवर्कमध्ये हाक मारून, कोण कोण आहे रे, आणि ही हाक नेटवर्कच्या हद्दीबाहेर जात नाही. म्हणून दुसरा राउटर लावायचाच तर त्याला सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क करत नाही, किंवा सरळ मेश घ्या, म्हणजे एकच नेटवर्क घरभर पसरवणाऱ्या डब्यांचा संच. गेस्ट वाय-फायवर स्पीकर जोडू नका, तिथे एकाला दुसरा दिसू नये अशीच व्यवस्था असते. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. आयफोनमध्ये त्या अ‍ॅपला लोकल नेटवर्कची परवानगी दिलीये का बघा, पहिल्यांदा विचारतं तेव्हा आपण न वाचता नाही म्हणून टाकलेलं असतं. "स्पीकर खराब निघाला" म्हणून परत करायच्या आधी एवढं बघितलं तर बऱ्याच वेळा स्पीकर ठणठणीत निघतो.

आणि लाइट. लाइट गेली की राउटर आणि स्पीकर दोन्ही जातात, आली की स्पीकर आधी जागा होतो, राउटरला दोनेक मिनिटं लागतात, तोपर्यंत स्पीकर शोधून शोधून रुसून बसतो, किंवा राउटर त्याला नवीनच पत्ता देतो आणि अ‍ॅप जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतं. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या किंवा त्याच्यापुरता छोटा यूपीएस लावा, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचा पत्ता पक्का करून टाका. त्याचबरोबर घरातले प्लग पण मोजा, कारण बॅटरीवाले सोडले तर ह्या सगळ्या स्पीकरांना चोवीस तास लाइटची वायर लागते, आणि स्वैपाकघराच्या ओट्यावरचे दोन प्लग मिक्सर आणि आरओने आधीच धरलेले असतात. ज्या स्पीकरच्या मागे लॅनच्या वायरची जागा असेल आणि तो राउटरजवळच ठेवायचा असेल त्याला वायर लावा, लाजू नका.

कोणाचं कोणाशी जमतं

आता तुमच्या घरात कोणते फोन आहेत आणि गाणी कुठून ऐकता हे बघायचं, कारण प्रत्येक कंपनीने आपापली जात करून ठेवली आहे. अँड्रॉइड फोनला एअरप्ले मुळात येत नाही. अ‍ॅपलच्या होमपॉड स्पीकरला ब्लूटूथवरून गाणं देता येत नाही, म्हणजे ज्या घरात एकच आयफोन आहे आणि बाकी सगळे अँड्रॉइडवाले, तिथे होमपॉड मिनी घेतला तर बाकीच्यांनी नुसतं त्याच्याकडे बघायचं. सोनॉस एअरप्ले घेतो पण गूगल कास्ट घेत नाही, त्याचं स्वतःचं अ‍ॅप वापरावं लागतं. अ‍ॅमेझॉनचे इको स्पीकर एकमेकांत छान ग्रुप करतात पण तो ग्रुप मुख्यतः इकोंचाच. डेननचं हिओस, यामाहाचं म्युझिककास्ट, ब्लूसाउंडचं ब्लूओएस, ही सगळी अशीच वेगवेगळी घराणी, आणि एका घराण्याचा स्पीकर दुसऱ्याच्या ग्रुपमध्ये बसत नाही, जोपर्यंत दोघांनाही एअरप्ले किंवा कास्ट असं काहीतरी सामाईक येत नाही.

मिश्र फोनांच्या घराला माझं मत, एअरप्ले २ आणि गूगल कास्ट दोन्ही असलेलं काहीतरी घ्या, मग नणंदेचा आयफोन आणि तुमचा अँड्रॉइड ह्यांची कटकट संपली. आणि घरात नानांना विविध भारती आणि मालवा हाउसवरून येणारं आकाशवाणी इंदूर ऐकायचं असेल तर अ‍ॅपवर ते लाइव्ह मिळतं, पण रोज सकाळी त्यांनी फोन उघडून अ‍ॅप उघडून मग स्पीकर निवडायचा, हे होणार नाही. एकतर बोलून लावता येईल असा स्पीकर द्या, किंवा ज्यावर एका बटणावर स्टेशन बांधून ठेवता येतं असा बघा, नाहीतर त्यांचा ट्रान्झिस्टर त्यांना राहू द्या, तो लाइट गेली तरी वाजतो.

बोलून लावायच्या स्पीकरमध्ये माइक कायम कान लावून असतो. तो बंद करायचं वेगळं बटण बहुतेकांवर असतं, झोपायच्या खोलीत ते दाबून ठेवा, विषय संपला.

सॉफ्टवेअर आधी मरतं

जुन्या काळचा सोनोडाइनचा किंवा कॉस्मिकचा अ‍ॅम्प्लिफायर अजून कित्येक घरांत चालू आहे, फार तर बटणांतला कार्बन साफ करावा लागतो. वाय-फाय स्पीकरचं तसं नाही, त्याचा कागद-चुंबक ठीक असतो आणि वर कंपनी सांगते की आता ह्याचं अ‍ॅप बंद. उदाहरणं द्यायची तर, सोनॉसने २०२० मध्ये नवं अ‍ॅप आणलं आणि काही फार जुने स्पीकर जुन्याच अ‍ॅपवर मागे राहिले, दोन्ही एका ग्रुपमध्ये वाजेनात. मग मे २०२४ मध्ये त्यांनी अ‍ॅप पुन्हा नव्याने लिहून आणलं, त्यात अलार्म, गाण्यांच्या रांगा अशा रोजच्या सोयीच गायब, इतका गदारोळ झाला की जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या सीईओला जावं लागलं. बोसने साउंडटच ही वाय-फाय स्पीकरची मालिका २०१३ मध्ये आणली आणि २०२५ मध्ये जाहीर केलं की तिचा क्लाउड सपोर्ट २०२६ मध्ये बंद. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ, म्हणजे साध्या स्पीकरला लावायचा वाय-फायचा छोटा डबा, २०१५ ला आलं, २०१९ च्या सुरुवातीला बनवणं बंद झालं, आणि मार्च २०२५ मध्ये आतल्या एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून जगभरातले ते डबे एकदम गप्प झाले, काही दिवसांनी दुरुस्ती आली. भांडणं वेगळीच. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने सोनॉसच्या पेटंटवरून गूगलविरुद्ध निकाल दिला, आणि गूगलने सगळ्या ग्रुपचा आवाज एकदम कमी-जास्त करायची सोय काढून घेतली, म्हणजे लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या वस्तूतली सोय त्या वेळी दोन कंपन्यांच्या कोर्टबाजीत गेली.

उलट बाजूचं पण एक उदाहरण आहे. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हा नेटवर्कवरून गाणी वाजवणारा डबा २०१२ मध्ये बंद केला, पण त्याला गाणी पुरवणारा सर्व्हर ओपन सोर्स होता, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला होता, तो लोकांनी चालू ठेवला, आज लिरियन नावाने चालतो आणि ते जुने डबे अजून वाजतायत. रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर घेऊन त्यावर स्नॅपकास्ट वगैरे सॉफ्टवेअर घरीच जमवणारे लोक पण आहेत, ज्याला रविवार घालवायला आवडतो त्याने जरूर करावं, घरच्यांना ते वापरता येईल ह्याची हमी नाही.

म्हणून माझा सल्ला जरा जुन्या वळणाचा आहे. मुख्य खोलीसाठी डोकं आणि पेटी वेगळी घ्या. म्हणजे साधे वायरवाले चांगले स्पीकर, त्यांना अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याच्या ऑक्स किंवा आरसीएच्या (बाहेरून आवाज घ्यायच्या) भोकात एक छोटा स्ट्रीमर, म्हणजे वाय-फायवरून गाणं आणणारा डबा, विम वगैरे कंपन्यांचे हाताच्या पंजाएवढे येतात. घरात जुना अ‍ॅम्प्लिफायर पडून असेल तर फक्त स्ट्रीमरचा खर्च. सात-आठ वर्षांनी स्ट्रीमरचं सॉफ्टवेअर मेलं तर तेवढाच बदलायचा, स्पीकर तसेच. मात्र स्ट्रीमर घेताना मॉडेल नीट बघा, विमच्या सगळ्यात छोट्या मिनीत गूगल कास्ट नाही, प्रोमध्ये आहे, आणि दुकानदार दोन्हीला "सेम है" म्हणणार. स्वैपाकघर, मुलांची खोली, तिथे डबाबंद छोटे स्पीकर चालतील, फक्त त्यांच्यामागे ऑक्सचं भोक किंवा निदान ब्लूटूथ असू द्या, म्हणजे अ‍ॅप गेलं तरी तो निव्वळ स्पीकर म्हणून कामाचा राहील. ज्याच्यात वाय-फायशिवाय आत शिरायला दुसरं दारच नाही, तो कितीही देखणा असो, मी घेणार नाही.

वॅटच्या आकड्यांवर जास्त जाऊ नका, आणि पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा, असं लिहिलेलं दिसलं तर तो आकडा वाचूच नका. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, जेमतेम जाणवतो, आणि दुप्पट आवाज वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात. म्हणजे हॉलमधला एकच मोठा स्पीकर गच्चीवर ऐकू यावा म्हणून ठणाणा लावण्यापेक्षा दोन-तीन छोटे, माणसं बसतात तिथे, हळू आवाजात, हे कधीही बरं, आणि खालच्या मजल्यावरचे काका पण वर येणार नाहीत. फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत स्पीकर कोपऱ्यात ढकलला की त्याचा जाड आवाज फुगतो आणि शब्द कळेनासे होतात, हातभर पुढे ओढला तरी फरक पडतो. गच्चीसाठी आयपी६७ लिहिलेला घ्या, धूळ आणि पाणी दोन्हीला चालतो, आयपीएक्स४ फक्त शिंतोड्यांपुरता. स्वैपाकघरात फोडणीच्या रेषेत ठेवू नका, जाळीवर तेल बसलं की ते निघत नाही.

एकदम पाच घेऊ नका. आधी दोनच घ्या, एक राउटरजवळ आणि एक जिथे वाय-फायचा एकच दांडा येतो तिथे, परत करायची मुदत किती आहे ते बिलावर लिहून घ्या, आणि त्या मुदतीत रात्री नऊला लावून बघा, जेव्हा घरात सगळे मोबाइलवर असतात आणि शेजारच्यांचे टीव्ही पण वाय-फायवर चालू असतात. बाहेरून मागवलेला स्वस्त पीस मिळत असेल तर आधी विचारा की भारतातली वॉरंटी आहे का आणि सर्व्हिस सेंटर इंदूरला आहे का मुंबईला पाठवावं लागेल, कारण पेटीएवढा स्पीकर कुरियरने पाठवायचा म्हणजे मूळ खोकं लागतं, आणि ते खोकं तोपर्यंत रद्दीवाल्याने नेलेलं असतं. खोकं माळ्यावर टाकून ठेवा.